दंतवैद्यकाचा प्रवेश : आशा किती, आधार किती?

भिंगारहून एका सुशिक्षित गृहस्थांचें चार पानी पत्र आम्हांस आलें आहे. त्यांच्या पुतणीनें वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली व ती पात्रहि ठरली. परंतु एमबीबीएसला जागा मिळावी इतके गुण नाहींत, हें सर्वांस दिसत आहे. तेव्हां घराचें लक्ष दंतवैद्यकाकडे, म्हणजे बीडीएसकडे, वळलें. आजोबांचें म्हणणें, मुलीनें आणखी एक वर्ष अभ्यास करून पुन्हां परीक्षेस बसावें. काकूंचें म्हणणें, वर्ष दवडूं नये. जेथें मिळेल तेथें प्रवेश घेऊन टाकावा. पत्र लिहिणाऱ्या काकांनीं तर गांवाबाहेरील वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकण्याचीहि तयारी ठेविली आहे. 'प्रवेश मिळण्याचा संभव कितपत आहे, तें आपण निःपक्षपातीपणें सांगावें,' अशी त्यांची विनंति आहे. त्यांचें नांव व मुलीचे गुण आम्ही छापीत नाहीं. परंतु हा प्रश्न आज घरोघरचा असल्यामुळें उत्तर खासगी न धाडतां या सदरांतूनच देत आहों.

प्रथम 'संभव' या शब्दाचाच विचार करूं. आपल्या घरांत संभव बहुधा तीन रीतींनीं ठरविला जातो. शेजारच्या मुलाला गेल्या साली अमुक गुणांवर जागा मिळाली, ही एक रीत. शिकवणीवाल्यांनीं 'होऊन जाईल' म्हणून सांगितलें, ही दुसरी. आणि पत्रिकेंत विद्यायोग उत्तम आहे, ही तिसरी. या तिन्हींत आशा भरपूर असते, आधार थोडा असतो. आशेवर मोहीम काढणाऱ्याची गत काय होते, हें भिंगारकरांस दुसऱ्यानें सांगावयास नको. दक्षिण थोड्याच दिवसांत जिंकूं अशा हिशेबानें आलेला औरंगजेब बादशहा पंचवीस वर्षें येथें अडकून पडला आणि १७०७ सालीं भिंगारच्याच मुक्कामीं त्याची अखेर झाली. आपली मोहीम लहान आहे. तिचा हिशेब कागदावर मांडतां येतो, आणि तो घरच्या घरींच मांडतां येतो.

पात्रता आणि प्रवेश यांची गल्लत हा पहिला घोटाळा. 'नीट' परीक्षेंत १८० प्रश्न व ७२० गुण असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकलेल्या उत्तरास १ गुण वजा. खुल्या वर्गास पात्रतेसाठीं पन्नासावें पर्सेंटाइल लागतें. हे पन्नास टक्के गुण नव्हेत! परीक्षेस बसलेल्या सर्वांची रांग लावली असतां निम्मे आपल्या मागें असावे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळें ही रेषा दर वर्षीं हलते. खुल्या वर्गासाठीं ती २०२३ सालीं १३७ गुणांवर होती, २०२४ सालीं १६२ वर गेली आणि २०२५ सालीं १४४ वर आली. २०२५ मध्यें सुमारें २२ लाख ९ हजार विद्यार्थी परीक्षेस बसले व सुमारें १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. साऱ्या देशांत बीडीएसच्या जागा मात्र सुमारें २८ हजार. म्हणजे पात्रता ही मांडवाच्या दारापर्यंत येण्याची परवानगी आहे; पंगतींत आपलें पान मांडलें आहे, असा तिचा अर्थ नाहीं. 'मुलगी पात्र झाली' म्हणून पेढे वांटण्यास आमची हरकत नाहीं. पण त्या पेढ्यांच्या जोरावर जमीन विकूं नये.

दुसरा घोटाळा गुण आणि गुणानुक्रम यांचा. 'गेल्या वर्षीं इतक्या गुणांना जागा मिळाली, आमच्या मुलीला त्याहून दहा अधिक आहेत,' असें पालक म्हणतात. परंतु एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाच्या मापानें मोजतां येत नाहींत. २०२४ सालीं सुधारलेल्या निकालांतहि १७ विद्यार्थ्यांस ७२० पैकीं ७२० गुण होते. २०२५ सालीं प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि साऱ्या देशांतील पहिल्या विद्यार्थ्यास ६८६ गुण मिळाले. त्या वर्षीं ६५० च्या वर गेलेले विद्यार्थी अवघे ७३ होते. आदल्या वर्षीं तीच संख्या हजारोंच्या घरांत होती. गुण तेच, परंतु रांगेंतील जागा कोठल्या कोठें! म्हणून गुणांचा आंकडा बाजूस ठेवून अखिल भारतीय क्रमांक आणि राज्याच्या गुणवत्ता-यादींतील क्रमांक हे दोनच आंकडे वहींत लिहावे. जागा क्रमांकाला मिळते.

तिसरी गोष्ट दारांची. प्रवेशाचीं दारें एकाहून अधिक आहेत व प्रत्येक दाराचा हिशेब निराळा आहे. आपल्या राज्यांत मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथील सरकारी दंत महाविद्यालयें आणि मुंबई महापालिकेचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय हीं कमी खर्चाचीं व नांवाजलेलीं. तेथील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यांतून केंद्राच्या समितीमार्फत व ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. पूर्वीं राज्याच्या जागांत विभागवार ७० व ३० टक्क्यांची वांटणी असे. ती २०२० सालीं रद्द झाली, तेव्हां जुन्या वर्षांच्या याद्या पाहतांना हें ध्यानांत ठेवावें. दुसरें दार खासगी महाविद्यालयांचें. तेथील बहुतेक जागा राज्याच्याच फेऱ्यांतून भरतात व शुल्क शुल्क-नियामक प्राधिकरण ठरवितें. तिसरें दार अभिमत विद्यापीठांचें. तेथील जागा केंद्राच्या समितीमार्फत अखिल भारतीय क्रमांकावर जातात व शुल्क पुष्कळच अधिक असतें.

हा फरक भिंगारकरांच्या अंगणांतच पाहावयास मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यांत संगमनेर येथें खासगी दंत महाविद्यालय आहे व लोणी येथें प्रवरेच्या अभिमत विद्यापीठाचें ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. जिल्हा एक, पदवी एक. परंतु पहिल्यासाठीं राज्याच्या कक्षाकडे अर्ज करावयाचा आणि दुसऱ्यासाठीं केंद्राच्या समितीकडे. 'लोणी आपल्याच जिल्ह्यांतलें, तेव्हां जिल्ह्यांतील मुलीस तेथें आधीं घेतील,' असें काकूंचें मत पत्रांत नमूद आहे. तसें नाहीं. तेथें भिंगारची मुलगी आणि केरळची मुलगी एकाच रांगेंत उभ्या असतात.

आतां एक विलक्षण गोष्ट पाहा. २०२०-२१ या वर्षीं देशांत बीडीएसच्या सुमारें ७ हजार जागा रिकाम्या राहिल्या. पात्र विद्यार्थी लाखोंनीं असतां जागा ओस! पात्रतेचें पर्सेंटाइल खालीं आणावयाचें नाहीं, असें सरकारनें ठरविलें होतें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें न्यायालयानें तें १० नें उतरवून जागा भरण्याची आज्ञा केली. त्याच वेळीं, विद्यार्थी यावेत म्हणून खासगी महाविद्यालयांनीं शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेंहि सुचविलें. यांतून पालकांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. दंतवैद्यकांत 'जागा मिळेल काय?' हा प्रश्न अपुरा आहे. पैसा ओतण्याची तयारी असेल तर कोठेंतरी जागा बहुधा मिळतेच. खरा प्रश्न असा कीं, आपल्या घराला झेपेल अशा खर्चाची जागा आपल्या क्रमांकाला मिळेल काय? प्रवेशाचा संभव याच प्रश्नाच्या उत्तरांत शोधला पाहिजे.

तो कसा शोधावा? एक कोरा कागद घेऊन त्यावर तीन रकाने पाडावे. पहिल्या रकान्यांत महाविद्यालयाचें नांव, दुसऱ्यांत गेल्या वर्षीं आपल्या वर्गांतून तेथें प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा क्रमांक, तिसऱ्यांत पांच वर्षांचा एकूण खर्च. प्रत्येक फेरीच्या निवड-याद्या प्रवेश देणाऱ्या कक्षाकडून प्रसिद्ध होतात. त्या मिळवून पहिल्या फेरीचा व अखेरच्या फेरीचा असे दोन्ही क्रमांक टिपावे. पहिल्या फेरींत सरकारी दंत महाविद्यालयाची जागा धरून ठेवणारे पुष्कळजण पुढें एमबीबीएसची जागा मिळतांच निघून जातात, त्यामुळें शेवटचा क्रमांक फेरीगणिक खालीं सरकतो. एकाच वर्षावर विसंबूं नये; दोन-तीन वर्षांच्या याद्या पाहाव्या. आपला क्रमांक पहिल्या फेरीच्या क्रमांकाच्या आंत असेल तर तेथें 'बहुधा' असें लिहावें; पहिल्या व अखेरच्या फेरीच्या मध्यें असेल तर 'कदाचित्'; आणि अखेरच्या फेरीच्याहि पलीकडे असेल तर मन घट्ट करून 'नाहीं' असें लिहावें. हा कागद एका संध्याकाळीं पुरा होतो.

पसंतीक्रम भरतांना मात्र हा कागद क्षणभर दूर ठेवावा. पुष्कळ पालक 'मिळण्याजोगीं' महाविद्यालयें वर लिहितात व 'आवडतें' खालीं लिहितात. त्यांस वाटतें, वरची मोठी जागा मागितली तर हातची धाकटी जाईल. तसें होत नाहीं. यंत्र आपल्या यादीवरून वरून खालीं येतें व क्रमांकाला जी पहिली मोकळी जागा सांपडेल ती देतें. म्हणून खरोखरच्या आवडीच्याच क्रमानें लिहावें. मात्र जेथें खर्च झेपणार नाहीं अशा महाविद्यालयाचें नांव 'असूं द्यावें' म्हणून शेवटींहि लिहूं नये. कारण तीच जागा मिळाली म्हणजे घरांत मोह आणि भय एकदमच उत्पन्न होतात.

कागदपत्रांविषयीं एकत्र कुटुंबांत एक गैरसमज आढळतो. आर्थिक दुर्बल घटकांसाठीं २०१९ पासून असलेल्या १० टक्के जागांचा लाभ आपणांस नाहीं, कारण घराचें एकत्र उत्पन्न मोठें, असें समजून कित्येक घरें अर्जच करीत नाहींत. केंद्राच्या नियमांत 'कुटुंब' म्हणजे उमेदवार, त्याचे आईवडील, अठरा वर्षांखालील भावंडें व विवाह झाला असल्यास पतिपत्नी व अठरा वर्षांखालील अपत्यें एवढेंच धरलें आहे. काकांचा पगार त्यांत मिळविला जात नाहीं. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख आहे. शेतजमीन व घर यांच्याहि अटी आहेत. राज्याचा दाखला राज्याच्या नमुन्यावर लागतो, म्हणून दोन्हीं नियम वाचून तहसील कचेरींत वेळीं अर्ज करावा. मात्र पात्रतेच्या पर्सेंटाइलांत या वर्गास सूट नाहीं, तें पन्नासच. मुलींसाठीं आणखी एक गोष्ट : आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींस, राज्याच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून व्यावसायिक शिक्षणास प्रवेश घेतल्यास, शिकवणी व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी राज्यानें जुलै २०२४ मध्यें दिली आहे. खासगी अभिमत विद्यापीठें व व्यवस्थापनाच्या जागा यांस ती लागू नाहीं. संगमनेर व लोणी यांतील निवड करतांना हें कलम हातांत असावें.

आजोबांच्या सूचनेकडे वळूं. दुसरें वर्ष द्यावें काय? परीक्षेस बसण्याच्या संख्येवर बंधन नाहीं, व वयाची वरची मर्यादाहि २०२२ सालीं उठली. तेव्हां मार्ग मोकळा आहे. परंतु मार्ग मोकळा आहे म्हणून तो चालण्याजोगा आहे असें नव्हे. उत्तरपत्रिकेची प्रतिमा व अधिकृत उत्तरें उमेदवारास पाहावयास मिळतात. तीं समोर ठेवून प्रश्नांचे तीन ढीग करावे : बरोबर, चुकलेले, सोडलेले. समजा, ११७ प्रश्न बरोबर, ३६ चुकलेले व २७ सोडलेले. म्हणजे गुण ४३२. चुकलेला प्रश्न पुढील वेळीं बरोबर आला तर ५ गुण वाढतात, सोडलेला बरोबर आला तर ४. साठ गुण वाढवावयाचे तर चुकलेल्यांपैकीं १२ प्रश्न सुधारले पाहिजेत. आतां मुलीनें स्वतः त्या ३६ प्रश्नांपुढें कारण लिहावें : घाईनें चुकला, विसरल्यामुळें चुकला, कीं विषयच कळला नव्हता? पहिल्या दोन कारणांचे प्रश्न पुष्कळ असतील तर एका वर्षाचा अभ्यास फळ देईल असें मानण्यास आधार आहे. निम्म्याहून अधिक प्रश्नांपुढें 'कळलेंच नव्हतें' असें येत असेल, तर त्याच शिकवणीस त्याच रीतीनें आणखी एक वर्ष घालण्यांत अर्थ नाहीं. शिवाय रेषाहि हलत असते, हें वर सांगितलेंच. साठ गुण वाढले म्हणजे क्रमांक तितकाच सुधारेल, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं.

दंतवैद्यक ही 'डॉक्टर न झालेल्यांची' सोय आहे, ही समजूतहि घरांतून गेली पाहिजे. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेंतील आयोवा येथून ही विद्या शिकून आले व त्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास देशांतील पहिलें दंत महाविद्यालय काढलें. तेथें शिकलेल्या फातिमा जिना यांनीं १९२३ सालीं मुंबईंत आपला दवाखाना थाटला. १९३३ सालीं मुंबईंत नायरचें महाविद्यालय निघालें, १९४८ सालीं दंतवैद्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि २०२३ सालीं त्याच्या जागीं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत झाला. अशा शंभर वर्षांच्या विद्येकडे कोणी सांत्वनाचें बक्षीस म्हणून पाहूं नये. चार वर्षें अभ्यास व एक वर्ष उमेदवारी, असा हा पांच वर्षांचा क्रम आहे. काम बोटांचें, बारीक नजरेचें आणि रोग्याचें भय ओळखण्याचें. तें ज्याला मनापासून आवडत नाहीं, त्याला पांच वर्षें फार लांब वाटतात. पदवीनंतरहि खुर्ची, यंत्रें व जागा यांचा खर्च उभा असतो, किंवा दुसऱ्याच्या दवाखान्यांत कांहीं वर्षें काढावीं लागतात. म्हणून तिसऱ्या रकान्यांतील खर्च पदवीपाशीं थांबवूं नये.

पैशाच्या बाबतींत आमचें मत स्पष्ट आहे. शुल्क, वसतिगृह, जेवण, उपकरणें व पुस्तकें यांची पांच वर्षांची बेरीज चालू उत्पन्नांतून व झेपणाऱ्या शैक्षणिक कर्जांतून भागत असेल, तर प्रवेश घ्यावा. त्यासाठीं वडिलार्जित जमीन विकावी लागत असेल, तर घेऊं नये. जमीन एका काकांची नाहीं. तींत धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा व आजीआजोबांच्या दुखण्याखुपण्याचाहि भाग आहे. शिवाय आपल्यासाठीं जमीन गेली हें ओझें ती मुलगी जन्मभर वाहील. विषय न आवडल्यास तो सोडण्याची मोकळीकहि तिला उरणार नाहीं.

तेव्हां भिंगारच्या गृहस्थांस आमचें उत्तर असें : तीन रकान्यांच्या कागदांत माफक खर्चाच्या एखाद्या जागेपुढें 'बहुधा' किंवा 'कदाचित्' असें येत असेल, तर सर्व फेऱ्या संपेपर्यंत धीर धरावा व मिळेल ती जागा आनंदानें घ्यावी. तसें एकहि नांव नसेल आणि उत्तरपत्रिकेचे ढीग आशादायक असतील, तर आजोबांचें ऐकावें. परंतु एकाच वर्षापुरतें, आणि तेंहि बीएस्सीसारख्या एखाद्या अभ्यासक्रमास नांव घालून, म्हणजे हात रिकामे राहणार नाहींत. दोन्हीं नसेल, तर आयुर्वेद व होमिओपॅथी यांसहि याच परीक्षेच्या क्रमांकावर प्रवेश मिळतो. त्यांचाहि असाच कागद करावा.

एक गोष्ट मात्र आम्हांस पत्रांत शोधूनहि सांपडली नाहीं. त्यांत आजोबांचें मत आहे, काकूंचें आहे, मुलीच्या मामांचेंहि आहे. मुलीचें मत चार पानांत एका ओळीपुरतेंहि नाहीं. तिला दंतवैद्य व्हावयाचें आहे काय? एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यांत, त्यांची परवानगी घेऊन, ती चार दिवस बसली आहे काय? रोग्याच्या तोंडांतील रक्त व दुर्गंधि पाहून तिला किळस आली, कीं कुतूहल वाटलें? क्रमांकाचा हिशेब काकांनीं करावा, खर्चाचा वडिलांनीं करावा. या प्रश्नांचीं उत्तरें तीच देऊं शकेल. आमची विनंति आहे कीं, तो तीन रकान्यांचा कागद तिच्याच हातानें भरला जावा, आणि घरच्या बैठकींत वडील माणसांनीं आपलें मत सांगण्यापूर्वीं तिला बोलूं द्यावें.

पुढील अंकीं याच सदरांत शैक्षणिक कर्जाच्या अटी व जामीनदाराची जबाबदारी यांविषयीं लिहूं.